अकरावा दाता

नऊ वर्षांत आक्काने धाकट्या भावाकडे शिव्यांशिवाय काही मागितलं नव्हतं, आणि शिव्याही मागाव्या लागत नव्हत्या, दुसऱ्यांच्या तोंडून आपणहून येत होत्या. त्यामुळे सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या कार्यालयातला माणूस नोटीस घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा त्या कागदापेक्षा तिला त्या कागदामुळे कोणाच्या दारात जावं लागणार याचीच जास्त धास्ती वाटली.

गोष्ट गवताची होती. गोठ्यामागचा तिचा तुकडा नवरा गेल्यापासून पडीक होता. त्यात गवत माजलं, गवतात काटेरी झुडपं माजली, आणि आता ते सगळं वाळून पुरुषभर उंचीचं उभं होतं. गेल्या साली कुणाच्या तरी विडीने कडेला पेट घेतला, तेव्हा आग गोठ्याच्या कुडापर्यंत येऊन जेमतेम थांबली होती. कार्यालयातला माणूस म्हणाला, "शुक्रवारपर्यंत कापून घ्या. नाहीतर आम्ही येऊन पेटवून देऊ. आमच्या देखरेखीखाली, काळजी करू नका."

"देखरेखीखाली जळालेला गोठा वेगळा दिसतो का?" आक्का म्हणाली.

तो माणूस सही घेऊन गेला. गोठ्यात दोन गाई होत्या, एक गाभण. आक्काच्या जवळ त्या दोघींशिवाय आता दुसरं कोणी नव्हतं.

विळ्याने ते गवत चार दिवसांत निघणं शक्य नव्हतं. दोन बाया बघून गेल्या, आत सापांचा सुळसुळाट असेल म्हणाल्या आणि परत आल्या नाहीत. ट्रॅक्टरमागे जोडायचं गवतकापणीचं यंत्र आसपास एकाकडेच होतं. तो म्हणजे तिचा भाऊ. गाव त्याला नटबोल्ट म्हणायचं, कारण त्याच्या खिशात कायम चार-दोन बोल्ट वाजत असायचे. अडल्या माणसाला कोणाचेही पाय धरावे लागतात. आक्काने पाय धरले नाहीत, पण उंबऱ्याबाहेर उभी राहून भावजयीला नोटीस वाचून दाखवली, इतक्या मोठ्याने की आत जेवणाऱ्या भावाला प्रत्येक शब्द ऐकू जावा.

आतून आवाज आला, "तिला सांग, माझी मशीन काही दानधर्माला काढलेली नाही."

"त्याला सांग," आक्का म्हणाली, "वारा सध्या माझ्याकडून त्याच्या कडब्याच्या गंजीकडे वाहतो."

भावजय दारात मधोमध उभी होती. "मी काय डाकेची पेटी आहे का तुमची?" ती म्हणाली. "ऐकू येतंय दोघांनाही."

आत ताट सरकवल्याचा आवाज झाला. मग निरोप आला. "उद्या सकाळी. पण तिला सांग, आधी रान पायाखाली घालायचं. मालकाने स्वतः. दगड, तार, खुंट, जे लागेल ते काढायचं, निघणार नाही तिथे काठी रोवून चिंधी बांधायची. रान चालून झाल्याशिवाय माझा ट्रॅक्टर गवतात शिरत नाही. कोणाच्याच."

हा त्याचा नियम सगळ्यांना ठाऊक होता आणि तो बरोबरही होता. न बघता गवतात घुसलेल्या किती ट्रॅक्टरांचा पुढचा आस मोडलेला त्याने पाहिला होता. पण आक्काला तो जड गेला तो वेगळ्याच कारणाने. त्या गवतात तिने स्वतः लोखंड पेरलेलं होतं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. भावाच्या शेतातून रस्त्याला लागायचं तर मोठा वळसा पडायचा. तो वळसा चुकवायला हा पठ्ठ्या पावसात तिच्या उभ्या घेवड्यातून तिरका ट्रॅक्टर घालायचा. चाकाच्या चाकोऱ्या हातभर खोल पडायच्या. तिने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "वाट आहे ती, बापाच्या वेळेपासूनची." बापाच्या वेळी त्या वाटेने एक बैलगाडीही कधी गेली नव्हती. तेव्हा आक्काने वाटणीत तिच्याकडे आलेलं बापाचं जुनं औत मोडलं, त्याचे अकरा लोखंडी दाते सुटे केले, आणि एका पहाटे घण घेऊन ते त्याच्या वाटेवर ठोकले. टोक वर, चार बोटं जमिनीबाहेर, वर गवताची मूठ. गोठ्याच्या कोपऱ्यातल्या दगडापासून दहा पावलांवर पहिला. मग दर सहा पावलांवर एक. अकरावा सत्तराव्या पावलावर, बांधाच्या तीन पावलं अलीकडे. असली गोष्ट कागदावर लिहून ठेवायची नसते, म्हणून तिने ते आकडे पाठ केले होते, आणि पाठ केलेलं तिचं कधी पुसलं जात नसे.

दाते ठोकले आणि त्याच आठवड्यात भावाने ती वाट सोडली. का सोडली, कोणी विचारलं नाही. आक्काला वाटलं, लाज वाटली असेल. मग नवरा आजारी पडला, रान पडीक राहिलं, आणि दाते तसेच राहिले.

आता ती कोणत्या तोंडाने सांगणार? पण सांगितलं नाही आणि दाता लागला, तर टायर फाटेल. टायर वाचला तर कापायच्या पात्याला लागेल, पातं उडेल, आणि उडालेलं पातं कोणाच्या अंगात शिरेल ते सांगता येत नाही. आणि ट्रॅक्टर मोडून बसला तर शुक्रवारी काडी लागणार, आणि ती काडी गोठ्यापर्यंत यायला वेळ लागणार नाही. तिने ठरवलं, रान चालायचंच आहे ना, मग दगड वेचायच्या निमित्ताने अकराच्या अकरा दाते उपटून पोत्यात घालायचे. कोणाला कळायचं नाही.

मंगळवारी दिवस वर आला तेव्हा भाऊ ट्रॅक्टर घेऊन रस्त्याच्या कडेला थांबला. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही. यंत्राशी मात्र तो नव्या नवरीशी बोलावं तसा बोलत होता. पुढच्या जाळीवर त्याने आणखी एक बारीक जाळी बांधली, गवताचा भुसा आत जाऊन इंजिन तापू नये म्हणून. चाकांच्या हवा भरायच्या नळ्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवले, खुंटांनी त्या तुटू नयेत म्हणून. पोटाखाली पत्रा ठोकलेलाच होता. मग यंत्राच्या दांड्यातला बोल्ट काढून खिशातला दुसरा घातला.

"चांगला बोल्ट काढून जुना कशाला घालता?" भावजयीने विचारलं.

"जुना नाही, मऊ आहे. आतलं पातं कशावर आदळलं तर हा तुटतो आणि गिअरची पेटी वाचते. कडक बोल्ट घातला तर बोल्ट राहतो आणि पेटी जाते." तो दांड्याकडे बघत पण मोठ्याने म्हणाला, "आमच्या घरात सगळेच कडक निघाले."

आक्काने ऐकलं. काठी, चिंध्या, पोतं आणि लोखंडी पहार घेऊन ती गवतात शिरली.

गोठ्याच्या दगडापासून तिने पावलं मोजली. दहा. काठीने चाचपलं, गवत दाबलं, गुडघ्यावर बसून हाताने माती चाळली. काही नाही. सोळा. काही नाही. बावीस. तिथेही नाही. तिला घाम फुटला. आपण आकडे विसरलो की काय? का दगडच कोणी हलवला? पण अठ्ठाविसाव्या पावलावर काठीचं टोक खणकन वाजलं आणि तिच्या जिवात जीव आला. दाता गंजला होता, पण उभा होता, अगदी त्याच जागी. पहारीने हलवून तिने तो उपटला, पोत्यात टाकला, वर दोन दगड टाकले. चौतीस, सापडला. चाळीस, सापडला. सेहेचाळीस, बावन्न, अठ्ठावन्न, चौसष्ट. एकेक आपल्या जागेवर, बोटभरही इकडे-तिकडे नाही.

मग ती सत्तरावर आली आणि बघते तर पायाखाली चढ लागलेला. ती बांधावरच उभी होती. पलीकडे भावाचा मका. गवताच्या गुंत्यात पावलं चुकली असतील म्हणून ती मागे आली, पुन्हा मोजली, पुन्हा बांधावर. काठीने मऊ मातीशिवाय काही लागेना.

सात निघाले होते. चार कुठे गेले?

दुपारपर्यंत तिने ते रान तीनदा चाळलं. दोन बाटल्या, तारेचं भेंडोळं, एक फुटकी बादली आणि एका झाडाचा बुंधा सापडला. बुंध्याशेजारी काठी रोवून तिने लाल चिंधी बांधली. हात काट्यांनी सोलून निघाले होते. भाऊ ट्रॅक्टरच्या सावलीत बसून हे सगळं बघत होता, आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

"तिला विचार," तो भावजयीला म्हणाला, "एवढं काय हरवलंय? नथ पडली का?"

"त्याला सांग, मालकाने चालायचं हा त्याचाच नियम आहे."

"नियम एकदा चालायचा आहे. ही तर प्रदक्षिणा घालते आहे."

"पाणी तरी प्या, आक्का," भावजय म्हणाली.

"नको."

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. आक्काच्या मनात भर उन्हात चांदणं पडलं होतं. पोतं तिने पायाशी घट्ट धरलं होतं आणि ते हललं की आत लोखंड वाजत होतं. दगड तसे वाजत नाहीत.

भाऊ उठला. ट्रॅक्टरवर चढला. "झालं असेल तर सुरू करतो," असं कोणालाच उद्देशून म्हणाला. इंजिन धडधडलं. त्याने यंत्र खाली सोडलं, पण वीतभर उंचच ठेवलं. पहिला फेरा उंचावरून आणि सावकाश, ही त्याची पद्धत. ट्रॅक्टर रस्त्यावरून गवतात शिरला, आणि शिरला तो नेमका गोठ्याच्या बाजूने, जिथे पहिले तीन दाते सापडले नव्हते.

आक्काने पाहिलं. क्षणभर तिच्या मनात आलं, जाऊ दे, लागला तर दगड होता म्हणेन. पण गाभण गाय कुडाच्या पलीकडे रवंथ करत बसली होती. आक्का धावली, सत्तरीच्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं, आणि ट्रॅक्टरच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

त्याने ट्रॅक्टर थांबवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो थेट तिच्याशी बोलला. "बाजूला हो."

"पुढे जाऊ नकोस."

"का?"

"जाऊ नकोस म्हणते ना."

"मी ऐकणारा वाटतो का तुला? का ते सांग."

तो वरून बघत होता, स्टिअरिंगवर कोपर टेकून. त्याने तिला सोडलं नाही. "सांग. बायको ऐकते आहे, तिलाही कळू दे."

"जमिनीत दाते आहेत," आक्का म्हणाली. "औताचे. मी ठोकलेत. तुझ्यासाठी."

भावजयीने पदर तोंडावर धरला.

"किती?"

"अकरा. सात काढले. चार सापडत नाहीत."

भाऊ हसला. पोटभर, आरामात, जणू नऊ वर्षं हे हसू त्याने खिशात बोल्टांबरोबर जपून ठेवलं होतं. "सापडणार कसे? त्याच आठवड्यात बाजारातून येत होतो रस्त्याच्या बाजूने. उन्हात टोक चमकलं. उतरून बघतो तर एक, पुढे दुसरा, पुढे तिसरा. उपटले आणि मागे फिरलो. माझ्या औताला बसवलेत. चांगलं लोखंड आहे, बापाच्या वेळचं. अजून झिजलं नाही."

"आणि तू मला सकाळपासून उन्हात फिरवलंस?"

"तू माझ्या टायरसाठी पहाटे उठून घण मारलास. मी तुला अर्धा दिवस फिरवलं. महाग नाही पडलं तुला."

आक्काला भयंकर संताप आला. पण संतापातही तिचं पाठ केलेलं डोकं चालतच होतं. "तीन म्हणालास?"

"तीन."

"तीन आणि सात दहा."

हसू तिथेच थांबलं. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. तीन आपण काढलेत, बाकीचे आक्का काढेल, आणि मग आपण तिच्या तोंडून वदवून घेऊ, एवढाच हिशेब त्याने केला होता. मोजायचं त्याला सुचलंच नव्हतं. थोडक्यात, आपल्याच शहाणपणात तो आपला ट्रॅक्टर दात्याच्या तोंडी घालायला निघाला होता.

"शेवटचा कुठे?" तो खाली उतरत म्हणाला.

"सत्तराव्या पावलावर."

"मग बघितलंस का तिथे?"

"तिथे बांध आहे."

"म्हणजे चुकलीस. पावलं म्हातारी झाली तुझी, आखूड पडतात."

"आखूड पडली असती तर मी सत्तराला बांधाच्या अलीकडेच राहिले असते. आणि मधले सात कसे बरोबर निघाले? अठ्ठाविसापासून चौसष्टापर्यंत एकही हुकला नाही." आक्का बोलत होती आणि बोलता बोलताच तिच्या आवाजातला थकवा जाऊन तिथे दुसरंच काहीतरी आलं होतं. "मी तो बांधाच्या तीन पावलं अलीकडे ठोकला होता. माझ्या रानात."

"काहीतरी बरळू नकोस."

"चल, मोजू. तू मोज. तुझी पावलं तरुण आहेत."

त्याने पहिल्यापासून मोजली नाहीत. चौसष्टाव्या दात्याचा खड्डा अजून ताजा होता. त्याच्याजवळ उभं राहून त्याने तिरीमिरीत सहा ढांगा टाकल्या आणि बांधाच्या माथ्यावर जाऊन थांबला. तिच्या हातातली पहार हिसकावली. "बघ, काही नाही इथे," म्हणत त्याने ती बांधात खुपसली. एकदा. हातभर बाजूला दुसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा ठण्ण झालं.

पहार तशीच उभी राहिली. मक्याची पानं वाऱ्याने सळसळत होती. आक्का खाली बसली आणि हाताने माती उकरू लागली. माती भुसभुशीत होती. जुना बांध दगडासारखा कडक असतो, ही गेल्या आठ-नऊ नांगरटींची माती होती. आपल्या बाजूने बांध कोरायचा आणि माती पलीकडे टाकत जायची, दर साली वीतभर, दर साली वीतभर. बांध आपल्या पायांनी चालतो तो असा. इकडे बघायला कोणी नव्हतं, आणि गवत उंच होतं. कोपरभर खाली दात्याचं गंजकं टोक लागलं, वर तोंड करून, तिने ठोकला तसंच.

"कुंपणाने शेत खाल्लं," आक्का म्हणाली.

"तो दाता तू पुरलास," भाऊ म्हणाला. "माझा ट्रॅक्टर मोडायला. लाज तुला वाटायला पाहिजे."

"लाज माझी. ती मी घेते. आणि जमीनही माझी, तीही घेते."

तो वाकला आणि दात्याला हात घातला. आक्काने पहार उचलली. उगारली नाही, फक्त दात्यावर आडवी धरली. "उपटायचा नाही. मोजणीचा माणूस येईपर्यंत तो तिथेच राहणार."

"मग मी गवत कापत नाही. जातो."

"जा. शुक्रवारी ते पेटवतील. माझा गोठा जाईल आणि पाठोपाठ तुझी गंजी. जा ना."

भाऊ उभा राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती मक्याच्या शेवटच्या तीन ओळींकडे बघत होती, पहिल्यांदाच पाहिल्यासारखी. "दर दोन-तीन वर्षांनी म्हणायचात, यंदा एक ओळ जास्त बसली," ती हळू म्हणाली. त्याने मान फिरवली.

मग तो ट्रॅक्टरवर चढला. सगळा राग त्याच्या हातात होता, तरी यंत्र त्याने रागाने चालवलं नाही, हे मात्र सांगायला हवं. पहिला फेरा वीतभर उंच, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये. दर दोन फेऱ्यांनी थांबून जाळीवरचा भुसा झाडला. बुंध्याजवळच्या लाल चिंधीला वळसा घातला. दुसरा फेरा खाली घेतला, तेव्हा मातीत गाडलेल्या कसल्याशा मुळावर पातं आपटलं आणि मऊ बोल्ट कट्कन तुटला. त्याने उतरून तुकडे काढले, खिशातला दुसरा बसवला. तुटलेला तुकडा त्याने आक्काच्या गोठ्याच्या छपरावर भिरकावला. गाई दचकल्या.

दिवस मावळायच्या आत गवत आडवं झालं. नऊ वर्षांनी त्या तुकड्याला जमीन दिसली. तीन पावलं कमी, तेवढंच.

आक्काने गोठ्यातून पाट आणला आणि बांधावर दात्याशेजारी टाकला. काठी रोवून चिंधी बांधली. पहार मांडीवर घेऊन बसली. मोजणीचा अर्ज सकाळी द्यायचा होता, माणूस कधी येईल ते देव जाणे. तोवर हा दाता तिथून हलणार नव्हता आणि तीही नव्हती. गाईंच्या धारांपुरती उठली तर उठली.

भाऊ यंत्र वर उचलून निघाला. तिच्यासमोरून जाताना ट्रॅक्टर थोडा सावकाश केला, पण डोळे सरळ रस्त्यावर.

"तिला सांग," तो मागे बसलेल्या बायकोला म्हणाला, "मका अजून महिनाभर निघायचा नाही. तोवर बसून ऊन लागेल."

भावजयीने सांगायची गरज नव्हती.

"त्याला सांग," आक्का म्हणाली, "तीन ओळींची कणसं माझी. मोजून ठेवली आहेत."